पांडवांतला अहमद

२०२४ च्या ईदला ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला आणि हैदराबादचे फुटबॉल प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव नव्या पिढीला कळले. ज्यांनी तो पाहिला त्यांना हेलसिंकीचा पराभव आठवत असेल. १५ जुलै १९५२ रोजी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०–१ असे हरवले. आपल्या फुटबॉलचा विषय निघाला की हा आकडा निघतोच. दहा गोल का झाले याची कारणेही लोकांना पाठ आहेत. थंडी होती, आपले बरेच खेळाडू अनवाणी होते, युरोपच्या संघाचा वेग झेपला नाही. उरलेल्या त्या एका गोलाबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

तो गोल सामना संपायला मिनिटभर उरले असताना झाला आणि तो केला बंगळुरूच्या अहमद खान यांनी. निकाल केव्हाच लागलेला होता. दहा गोल अंगावर घेतलेल्या संघातला एक खेळाडू ८९ व्या मिनिटालाही समोरच्या गोलपोस्टकडे धावत होता.

रमजानच्या या पानावर आज त्यांच्याविषयी लिहायचे आहे. अहमद खान हे मोठे खेळाडू होते, दोन ऑलिंपिक खेळले, देशाला पहिले आशियाई सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या संघात होते. एवढे कारण पुरेसे आहे. पण आणखी एक कारण आहे. फाळणीनंतरच्या कोलकात्यात ज्या लोकांचे घरदार सीमेपलीकडे राहिले होते, त्याच लोकांनी या मुसलमान खेळाडूला आपला मानले आणि त्याला जे नाव दिले ते महाभारतातून काढून दिले. ते कसे घडले, हे आपल्यासारख्या मिश्र वस्तीच्या गावांत राहणाऱ्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

छावणीच्या गावातला फुटबॉल

अहमद खान यांचा जन्म २४ डिसेंबर १९२६ चा, बंगळुरूचा. आजचे बंगळुरू म्हणजे संगणकाचे शहर. त्या काळचे बंगळुरू म्हणजे एका बाजूला जुनी पेठ आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजांची लष्करी छावणी, म्हणजे कँटोन्मेंट. गोऱ्या शिपायांनी मैदानावर फुटबॉल आणला आणि छावणीच्या आसपास राहणाऱ्या गरीब वस्त्यांतल्या पोरांनी तो पाहून पाहून उचलला. शिपायांच्या पायांत बूट असत. पोरांच्या पायांत काहीच नसे. पुढे कित्येक वर्षे भारतीय फुटबॉल अनवाणी राहिला त्याचे मूळ अशा गल्ल्यांत आहे.

अहमद यांच्या घरातच फुटबॉल होता. वडील बाबा खान हे बंगळुरूच्या क्रेसेंट क्लबशी जोडलेले होते. लहान अहमद १९३८ च्या सुमारास त्याच क्लबातून खेळू लागले, तेव्हा त्यांचे वय जेमतेम अकरा-बारा. पुढे ते बंगळुरू मुस्लिम्स या संघात आले. हा साधासुधा संघ नव्हता. मुंबईच्या कूपरेज मैदानावर तेव्हा भरणारी रोव्हर्स कप ही १८९१ पासूनची स्पर्धा. सुरुवातीची पंचेचाळीस वर्षे तो चषक ब्रिटिश लष्करी संघांकडेच फिरत राहिला. १९३७ मध्ये तो प्रथमच एका भारतीय संघाने जिंकला, आणि तो संघ होता बंगळुरू मुस्लिम्स. १९३८ मध्ये त्यांनीच तो राखला आणि दहा वर्षांनी, १९४८ मध्ये, पुन्हा मिळवला.

संघाच्या नावावरून आजच्या वाचकाला आश्चर्य वाटेल. पण तो काळच तसा होता. मुंबईत तेव्हा क्रिकेटचे ‘पंचरंगी’ सामने होत. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि बाकीचे असे पाच संघ, आणि प्रेक्षकही त्याच हिशेबाने वाटलेले. ती स्पर्धा अखेर १९४६ मध्ये बंद पडली. कोलकात्यात मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे लीग जिंकली होती. कोलकाता लीग जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. देशभरातून, बंगळुरूमधूनही, चांगले मुसलमान खेळाडू त्या क्लबात जात. अहमद खान यांच्यासारख्या खेळाडूसाठी वाट जणू आखलेलीच होती. प्रत्यक्षात ते वेगळ्याच तंबूत जाऊन पोहोचले. पण त्याआधी लंडन आले.

इल्फर्डमधला रमजान

१९४८ चे लंडन ऑलिंपिक हे स्वतंत्र भारताचे पहिले ऑलिंपिक. स्वातंत्र्याला अजून वर्षही व्हायचे होते. फुटबॉल संघाचे कर्णधार होते नागा टेकड्यांतून आलेले डॉक्टर तालिमेरेन आओ. बचावात त्यांच्या जोडीला बंगालचे शैलेन मन्ना. आणि आघाडीच्या फळीत एकवीस वर्षांचे अहमद खान.

३१ जुलै १९४८ रोजी लंडनच्या इल्फर्ड भागात भारताचा सामना फ्रान्सशी झाला. बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी उतरले होते. इंग्रज प्रेक्षकांना याचे फार नवल वाटले. पूर्वार्धात फ्रान्सने गोल केला. उत्तरार्धात सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली. स्वतंत्र भारताचा तो पहिला ऑलिंपिक गोल. भारताला दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही वाया गेल्या. शेवटच्या मिनिटाला फ्रान्सने दुसरा गोल केला आणि आपण १–२ असे हरलो. बूट घातलेल्या युरोपियन संघापुढे अनवाणी संघ शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरीत होता, हे तिथल्या प्रेक्षकांच्या लक्षात राहिले. भारतात मात्र बारा दिवसांनी हॉकीचे सुवर्णपदक आले आणि त्या आनंदात फुटबॉलचा सामना मागे पडला.

पंचांग काढून पाहिले तर एक गोष्ट सापडते. १९४८ मध्ये रमजान ८ जुलैच्या सुमारास सुरू झाला होता. म्हणजे इल्फर्डचा तो सामना रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत झाला. लंडनचा जुलैमधला दिवस पंधरा तासांहून मोठा असतो. प्रवासात असलेल्या माणसाला रोजा पुढे कधीतरी भरून काढण्याची सवलत धर्माने दिलेली आहे. पण घरापासून हजारो मैलांवर, परक्या शहरात, रमजान संपत आलेला आणि ईद आठवड्यावर आलेली असताना देशासाठी मैदानात उतरण्याचा तो अनुभव आपल्या ओळखीचा आहे. परगावी नोकरीवर असलेल्या आपल्या घरातल्या कोणाचाही रमजान आणि दिवाळी अशीच जाते.

लाल-सोनेरी तंबू

लंडनहून परतल्यावर पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, अहमद खान कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबात दाखल झाले. या निर्णयाचे महत्त्व समजण्यासाठी हा क्लब कोणाचा होता ते आधी सांगायला हवे.

ईस्ट बंगालची स्थापना १ ऑगस्ट १९२० ची. नावातच पूर्व बंगाल. नदीपलीकडच्या जिल्ह्यांतून, ढाका, बारिसाल, मैमनसिंग अशा भागांतून शिक्षणासाठी, पोटासाठी कोलकात्यात आलेल्या लोकांचा हा क्लब. कोलकात्यातले मूळ रहिवासी स्वतःला ‘घोटी’ म्हणवत आणि या बाहेरून आलेल्यांना ‘बांगाल’ म्हणून हिणवत. बोलण्याची ढब वेगळी, स्वयंपाक वेगळा. घोटींचा क्लब मोहन बागान, बांगालांचा ईस्ट बंगाल. ईस्ट बंगाल जिंकला की बाजारात हिल्सा माशाला मागणी, मोहन बागान जिंकला की कोळंबीला, हे तिथे आजही सांगतात.

१९४७ नंतर या नावाचा अर्थच बदलला. पूर्व बंगाल आता दुसऱ्या देशात गेला. तिकडून हिंदू निर्वासितांचे लोंढे येऊ लागले. सियालदह स्टेशनच्या फलाटांवर कुटुंबेच्या कुटुंबे पडून होती. जादवपूरकडच्या मोकळ्या जागांवर रातोरात झोपड्या उभ्या राहत होत्या. या लोकांजवळ गावाची जी खूण उरली होती त्यात एक हा क्लब होता. त्याचे लाल-सोनेरी निशाण पाहिले की आपले गाव अजून कुठेतरी आहे असे वाटायचे. क्लबचे प्रेक्षक झपाट्याने वाढले आणि त्यांतले कितीतरी जण धर्माच्या नावावर घर गमावून आलेले होते.

शहराच्या अंगावरची जखमही ताजी होती. १६ ऑगस्ट १९४६ ला सुरू झालेल्या दंगलीत कोलकात्याचे रस्ते प्रेतांनी भरले होते. हिंदूंनी मुसलमानांना आणि मुसलमानांनी हिंदूंना मारले. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी बंगळुरूहून आलेला अहमद खान नावाचा तरुण या निर्वासितांच्या क्लबाचा सदरा घालून मैदानात उतरला.

पंचपांडव

हा संघ बांधला तो क्लबाचे सचिव ज्योतिष गुहा यांनी. ते स्वतः गोलरक्षक राहिलेले होते, खेळाडूची पारख त्यांना होती. आघाडीच्या पाच जागांसाठी त्यांनी जी माणसे जमवली त्यांत एकही बंगाली नव्हता. पाचही जण दक्षिणेतले.

तेव्हाची खेळाची रचना आजच्यापेक्षा वेगळी होती. मागे दोन बचावपटू, मध्ये तीन हाफ आणि पुढे आडव्या ओळीत पाच जण. अगदी उजवीकडे वेंकटेश. त्यांच्या आतल्या बाजूला आंध्रचे अप्पाराव. मधोमध बंगळुरूचे धनराज. डावीकडे आतल्या जागी अहमद खान आणि अगदी डाव्या कडेला केरळचे सालेह. म्हणजे संघाची अख्खी डावी बाजू दोन मुसलमानांच्या पायांवर होती.

या पाच जणांना ईस्ट बंगालच्या प्रेक्षकांनी नाव दिले ‘पंचपांडव’.

आज कोणी असे नाव देताना दहा वेळा विचार करील. एखादा म्हणेल, मुसलमानाला पांडव कसे म्हणता? दुसरा म्हणेल, आमच्या माणसाला पांडव का म्हणता? मैदानाच्या कडेला पावसात भिजत उभ्या असलेल्या त्या लोकांना असा प्रश्न पडला नाही. पाच जण होते, एकमेकांना न विचारता एकमेकांच्या मनातले ओळखत होते, आणि ते आपल्या बाजूने लढत होते. अशा पाच जणांना काय म्हणतात हे बंगालच्या घराघरातल्या पोरालाही ठाऊक होते. वनवासात असलेल्या लोकांना पांडवच आठवणार.

या नावाखाली या पाच जणांनी जे केले ते असे. १९४९ च्या एकाच हंगामात ईस्ट बंगालने कोलकाता लीग, आयएफए शिल्ड आणि मुंबईचा रोव्हर्स कप असे तिन्ही चषक जिंकले. ज्या कूपरेजवर १९४८ मध्ये बंगळुरू मुस्लिम्स विजेते ठरले होते, तिथेच पुढच्या वर्षी अहमद यांचा नवा क्लब विजेता झाला. शिल्ड त्यांनी १९४९, १९५० आणि १९५१ अशी सलग तीन वर्षे जिंकली. लीग १९५० मध्ये आणि पुन्हा १९५२ मध्ये. दिल्लीचा ड्युरंड कप १९५१ आणि १९५२ मध्ये.

यातले १९५० हे वर्ष नीट पाहायला हवे. त्या वर्षाच्या सुरुवातीला पूर्व पाकिस्तानात मोठ्या दंगली झाल्या. इकडे पश्चिम बंगालमध्येही त्याचे पडसाद उमटले. सीमेच्या दोन्ही बाजूंनी लाखो माणसे पुन्हा घर सोडून निघाली. परिस्थिती इतकी बिघडली की ८ एप्रिल १९५० रोजी नेहरू आणि लियाकत अली खान यांना अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी दिल्लीत करार करावा लागला. कोलकात्याचा फुटबॉल हंगाम तेव्हा त्यानंतर महिन्याभरात, मे मध्ये सुरू होत असे. नुकतेच बेघर झालेले लोक मैदानावर आले आणि त्यांच्या संघाची डावी बाजू अहमद आणि सालेह सांभाळत होते. त्या वर्षी लीग आणि शिल्ड दोन्ही ईस्ट बंगालकडे आले.

फुटबॉलने दंगली थांबवल्या असे म्हणणे खोटे होईल. एका चांगल्या पासमुळे कोणाचे जळलेले घर परत मिळत नाही. पण रागाला कारण असलेल्या माणसांनाही, समोरच्याकडे नीट पाहिले तर, आपला माणूस ओळखता येतो, एवढे त्या मैदानाने दाखवले.

गारुडी

अहमद खान यांच्या खेळाबद्दल वृत्तपत्रांनी एक शब्द वापरला होता, गारुडी. चेंडू त्यांच्या पायापाशी असा डोलायचा की समोरचा बचावपटू पुंगीपुढच्या सापासारखा बघत राहायचा. हे कौशल्य अनवाणी खेळातून आलेले होते. बूट नसला की चेंडू कातडीला लागतो. अंगठ्याने, तळव्याने, पायाच्या आतल्या कडेने त्याला हवे तसे वळवता येते. घोट्याला फार तर पट्टी बांधलेली असायची. तोटा अर्थातच मोठा होता. बुटाच्या टाचेखाली बोटे आली की काय होते ते सांगायला नको. आणि कोलकात्याचा हंगाम ऐन पावसाळ्यातला. चिखलात अनवाणी पाय घसरतो, ओला चेंडू दगडासारखा जड होतो.

त्यांची जागा ‘इनसाइड लेफ्ट’ची. या जागेचे काम वाचकांना थोडक्यात सांगायला हवे, कारण आता ती जागाच राहिलेली नाही. मागच्या हाफकडून चेंडू घ्यायचा, दोघा-तिघांना आपल्याकडे ओढून घ्यायचे आणि त्यामुळे जो सहकारी मोकळा झाला असेल त्याच्याकडे चेंडू सारायचा. धावफलकावर नाव दुसऱ्याचे लागते. जाणकार प्रेक्षकाला मात्र माहीत असते की गोल कुठून सुरू झाला. अहमद स्वतः गोल करीतच, पण धनराज यांना आणि कडेच्या सालेह यांना मोकळी जागा मिळवून देणे हे त्यांच्या खेळाचे मर्म होते.

आणि रमजान? चांद्र पंचांग दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. १९४९ मध्ये रमजान जूनच्या अखेरीस लागला, १९५० मध्ये जूनच्या मध्यात, १९५१ मध्ये जूनच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे ईस्ट बंगालच्या वैभवाच्या त्या तिन्ही वर्षांत रमजान नेमका लीगच्या धामधुमीत येत होता. लीगचे सामने संध्याकाळच्या सुमारास, मगरिबच्या अजानच्या थोडे आधी होत. कोलकात्याच्या मैदानांवर तेव्हा अनेक मुसलमान खेळाडू होते आणि लीगच्या वेळापत्रकात हा महिना दरवर्षी येऊन जात होता.

दिल्लीतले सुवर्ण

मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या. फुटबॉल संघाचे कर्णधार शैलेन मन्ना आणि प्रशिक्षक रहीमसाहेब. पाच पांडवांपैकी वेंकटेश, अहमद खान आणि सालेह असे तिघे संघात होते.

भारताने इंडोनेशियाला ३–० असे हरवले, मग अफगाणिस्तानला ३–०. १० मार्चला अंतिम सामन्यात इराण समोर होते. प्रेक्षकांत पंतप्रधान नेहरू होते. बिहारच्या साहू मेवालाल यांनी एकमेव गोल केला आणि भारत विजेता ठरला. पूर्ण स्पर्धेत आपण सात गोल केले आणि एकही होऊ दिला नाही. भारतीय फुटबॉलचे हे पहिले आंतरराष्ट्रीय सुवर्ण.

त्या संघात अहमद आणि सालेह यांच्याबरोबर लतीफ होते, नूर मोहम्मद होते, अझीझुद्दीन होते, आणि बाकावर रहीमसाहेब. समोर आलेले तिन्ही संघ मुस्लिमबहुल देशांचे. तेव्हा कोणी हे मोजत बसले असेल असे वाटत नाही. आज मोजावेसे वाटते, कारण आज एखाद्या खेळाडूच्या हातून झेल सुटला तरी त्याचे नाव पाहून त्याच्या निष्ठेचा हिशेब मांडणारे लोक भेटतात. १९५१ मध्ये, फाळणीला चार वर्षेही झाली नसताना, देशाने ज्यांच्यावर विसंबून पहिले सुवर्ण जिंकले त्यांची नावे ही होती.

मधल्या काळात एक संधी हुकली होती. १९५० च्या ब्राझीलमधील विश्वचषकात भारताला प्रवेश मिळाला होता, कारण गटातल्या इतर देशांनी माघार घेतली. भारतही गेला नाही. अनवाणी खेळू देणार नाहीत म्हणून गेलो नाही, ही कथा लोकप्रिय असली तरी खरी गोष्ट अधिक रुक्ष आहे. लांबचा प्रवास, सरावाला कमी वेळ, आणि मुख्य म्हणजे आपल्या महासंघाला तेव्हा ऑलिंपिकपुढे विश्वचषकाचे महत्त्वच वाटत नव्हते. अहमद खान तेव्हा तेवीस वर्षांचे होते, खेळाच्या ऐन बहरात. कागदावरच्या एका निर्णयाने त्या पिढीचा विश्वचषक गेला.

दहा आणि एक

मग आले हेलसिंकी. मन्ना कर्णधार, रहीम प्रशिक्षक. युगोस्लाव्हियाचा तो संघ पुढे अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि रौप्यपदक घेऊन परतला, हे आपण सहसा सांगत नाही. एकट्या ब्रांको झेबेक यांनी भारतावर चार गोल केले. त्याच हेलसिंकीत आठवडाभराने आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, म्हणून महाराष्ट्राला ते ऑलिंपिक आठवते ते आनंदाने. फुटबॉलवाल्यांच्या वाट्याला शरम आली. त्या शरमेतच ८९ व्या मिनिटाचा अहमद खान यांचा तो गोल आहे.

या पराभवातून एक निर्णय निघाला. महासंघाने बूट सक्तीचे केले. रहीमसाहेबांनी नवा संघ घडवायला घेतला. चार वर्षांनी मेलबर्नला भारत उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि चौथा आला. त्या स्पर्धेत मुंबईकडून खेळणारे मूळचे गोव्याचे नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली. तोवर अहमद खान यांची ऑलिंपिकची पाळी संपली होती.

क्लबातली मात्र संपली नव्हती. १९५३ मध्ये ईस्ट बंगालचा संघ रुमानिया आणि सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर गेला. हळूहळू पंचपांडव पांगले. अहमद राहिले. नवे खेळाडू आले, बूट आले, खेळाची पद्धत बदलली, तरी ते १९५९ पर्यंत ईस्ट बंगालसाठी खेळत राहिले. दहा वर्षे एकच क्लब. त्या काळी आजच्यासारखा पैसा खेळात नव्हता. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर कोलकात्याचे क्लब एकमेकांचे खेळाडू पळवत. अशा शहरात परगावचा एक खेळाडू निर्वासितांच्या क्लबात दहा वर्षे टिकला, याचा अर्थ दोन्ही बाजूंनी नाते निभावले गेले.

परत बंगळुरूला

खेळ संपल्यावर ते बंगळुरूला परतले. देशाने अर्जुन पुरस्कार सुरू केले ते १९६१ मध्ये, म्हणजे त्यांनी खेळ सोडल्यानंतर दोन वर्षांनी. ज्यांना महाभारतातले नाव लोकांनी दिले, त्यांच्या पिढीला अर्जुनाच्या नावाचा सरकारी पुरस्कार थोडक्यात चुकला. ईस्ट बंगालने मात्र त्यांना पुढे ‘भारत गौरव’ हा आपला सन्मान दिला. पन्नास वर्षांनंतरही त्या क्लबाला आपला इनसाइड लेफ्ट आठवत होता.

२७ ऑगस्ट २०१७ रोजी बंगळुरूमध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी अहमद खान यांचे निधन झाले. ज्या निर्वासितांनी त्यांना डोक्यावर घेतले होते त्यांतले बहुतेक आधीच गेलेले होते. त्यांची नातवंडे आता कोलकात्यातली पक्की रहिवासी आहेत, त्यांनी पूर्व बंगाल पाहिलेलाही नाही. पण लाल-सोनेरी सदरा घालून ती अजून सामन्याला जातात आणि पंचपांडवांची नावे आजोबांकडून ऐकलेली असतात.

आपल्या गावातही या महिन्यात तरावीह झाल्यावर मोहल्ल्यातली पोरे रात्री उशिरापर्यंत दिव्याखाली खेळताना दिसतात. शेजारच्या आळीतली पोरेही त्यांत येऊन मिसळतात, कारण अकराचा संघ एकट्या मोहल्ल्यातून क्वचितच पुरा होतो. त्यांना मेस्सी आणि रोनाल्डो सांगायला कोणी लागत नाही. मध्ये पाणी प्यायला थांबली की त्यांना ही पाच नावे सांगा, उजवीकडून डावीकडे, ज्या क्रमाने ते मैदानावर उभे राहत त्याच क्रमाने. वेंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद, सालेह.